घरच्या इन्क्युबेटरमध्ये बदकाची पिल्लं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोंबडीची अंडी यंत्रात उबवण्याचा हात बसलेली माणसंही बदकाच्या अंड्यांपाशी येऊन अडखळतात. यंत्र तेच, तापमानही जवळपास तेच. पण मुक्काम एका आठवड्याने लांबतो, आर्द्रतेचं गणित बदलतं आणि शेवटचे दोन दिवस जीव टांगणीला लागतो. खालचे प्रश्न त्यातूनच येतात. बहुतेक उत्तरांचा रोख एकच आहे: यंत्राच्या पडद्यावरच्या आकड्यापेक्षा अंडं काय सांगतंय ते बघा.

पिल्लं बाहेर यायला किती दिवस लागतात?

मलार्ड या रानबदकापासून आलेल्या पाळीव जातींना, म्हणजे पेकिन, खाकी कॅम्पबेल, इंडियन रनर वगैरेंना, साधारण २८ दिवस. मस्कव्ही ही मुळात वेगळी प्रजाती, तिला ३५ दिवसांच्या आसपास. चिमुकल्या कॉल बदकांची पिल्लं बरेचदा २६व्या-२७व्या दिवशीच येतात. अंडी यंत्रात ठेवली तो दिवस शून्य धरायचा. त्यालाच पहिला दिवस म्हटलंत तर पुढच्या सगळ्या तारखा एकेक दिवस अलीकडे येतात, आणि अंडी फिरवणं वेळेआधी थांबतं.

अंडी कुठली घ्यावीत?

कळपात नर आहे अशा ठिकाणची, ताजी, मध्यम आकाराची आणि स्वच्छ. नर एक आणि माद्या चार ते सहा असतील तर बहुतेक अंडी फलित निघतात. फार मोठी, वेडीवाकडी किंवा पातळ कवचाची अंडी खाण्यासाठी ठेवा. टॉर्चच्या उजेडात केसासारखी बारीक चीर दिसली तर ते अंडंही बाजूला काढा, त्यातून जंतू आत शिरतात.

अंडी साठवायची असतील तर १३ ते १६ अंश सेल्सिअसच्या थंडाव्यात, निमुळतं टोक खाली करून. सात दिवसांपर्यंत काळजी नाही, त्यानंतर रोज थोडी थोडी शक्यता कमी होत जाते. घरातला फ्रिज यासाठी जास्तच थंड पडतो. प्रवास करून आलेली अंडी लगेच यंत्रात टाकू नका. एक दिवस निमुळतं टोक खाली करून स्वस्थ राहू द्या, म्हणजे हादऱ्याने हललेली हवेची पोकळी जागेवर बसते.

रानबदकांच्या घरट्यातली अंडी उचलू नका. घरटं रिकामं दिसलं म्हणजे ते सोडून दिलेलं असतं असं नाही. अंडी पूर्ण घालून होईपर्यंत मादी दिवसातला बराच वेळ तिथे नसतेच. शिवाय अनेक देशांत अशी अंडी उचलणं गुन्हा आहे.

चिखलाने माखलेली अंडी धुवायची का?

शक्यतो नाही. अंड्यावर एक नैसर्गिक लेप असतो, तो छिद्रांतून जंतू आत जाऊ देत नाही. धुतलं की तो जातो. वाळलेली घाण बारीक सँडपेपरने किंवा कोरड्या फडक्याने हळूच काढा. बदकं मात्र अंडी कुठेही घालतात, चिखलातसुद्धा, त्यामुळे कधी कधी धुण्याला इलाज नसतो. तेव्हा पाणी अंड्यापेक्षा कोमटच हवं. गार पाण्याने आतला ऐवज आकसतो आणि बाहेरची घाण छिद्रांतून आत ओढली जाते.

तापमान किती ठेवायचं?

पंखा असलेल्या यंत्रात ३७.५ अंश सेल्सिअस. पंखा नसलेल्या यंत्रात हवा थरांनी राहते, वर गरम आणि खाली गार. तिथे थर्मामीटर अंड्यांच्या माथ्याच्या उंचीवर ठेवून ३८.३ ते ३८.६ धरा. कोंबडीची आणि बदकाची अंडी उंचीला सारखी नसतात, म्हणून जुन्या खुणेवर विसंबू नका.

यंत्राचा स्वतःचा आकडा खरा मानायच्या आधी पडताळून पाहा. ताप मोजायचा चांगला थर्मामीटर या पट्ट्यात बऱ्यापैकी अचूक असतो, तो आत ठेवून तुलना करता येते. यंत्र रिकामंच निदान एक दिवस चालवून मग अंडी ठेवा. अंडी ठेवल्यावर तापमान काही तास खाली राहतं, ते साहजिक आहे. घाबरून बटण फिरवू नका, नाहीतर अंडी तापल्यावर आकडा भलताच वर जातो.

थोडी थंडी गर्भ सोसतो, उष्णता नाही. एखाद-दुसरा तास ३५ अंशांवर गेला तर फार तर पिल्लं उशिरा येतील. पण ४० अंशांच्या वर काही तास राहिलं तर अख्खी खेप जाऊ शकते. पिल्लं वेळेच्या आधीच यायला लागली तर तापमान जास्त होतं, उशिरा आली तर कमी होतं, असा ढोबळ हिशेब पुढच्या वेळेसाठी लिहून ठेवा.

आर्द्रतेबद्दल प्रत्येक जण वेगळं सांगतो. नक्की किती?

सुरुवातीचे २५ दिवस ४५ ते ५५ टक्के आणि शेवटचे तीन दिवस ७० टक्क्यांच्या आसपास, हा सर्वसाधारण आकडा. पण तो फक्त सुरुवातीपुरता. दोन घरांतल्या दोन यंत्रांत ५० टक्क्यांवर ठेवलेली अंडी सारखी वागत नाहीत, कारण कवचाची जाडी, छिद्रं, झडपांतून खेळणारी हवा आणि समुद्रसपाटीपासूनची उंची हे सगळं त्यात येतं. आर्द्रता हे साधन आहे. साधायचं असतं ते अंड्यातलं पाणी ठरावीक प्रमाणात उडून जाणं.

पिल्लू चोचीने कवचाला टोच मारेपर्यंत अंड्याचं वजन सुरुवातीच्या १२ ते १४ टक्क्यांनी कमी व्हायला हवं. तेवढं पाणी गेलं की रुंद टोकाकडची हवेची पोकळी पुरेशी मोठी होते आणि कवच फोडण्याआधीचे पहिले श्वास पिल्लू त्या पोकळीतच घेतं. पाणी कमी उडालं तर पोकळी लहान राहते आणि पिल्लू ओलं, फुगलेलं असतं, त्याला आत वळायला जागा मिळत नाही. जास्त उडालं तर आतला पापुद्रा सुकून पिल्लाला चिकटतो.

म्हणून स्वयंपाकघरातला एक ग्रॅमपर्यंत मोजणारा वजनकाटा हा माझ्या मते इन्क्युबेटरनंतरचा सर्वांत उपयोगी खर्च. सगळी अंडी ट्रेसकट एकत्र तोला आणि ट्रेचं वजन वजा करा. समजा अंडं सरासरी ८० ग्रॅमचं आहे. १३ टक्के घट म्हणजे २५व्या दिवशी साधारण ६९.५ ग्रॅम. घट जवळपास रोज सारखीच होते, म्हणजे ७व्या दिवशी ७७ आणि १४व्या दिवशी ७४ च्या आसपास असायला हवं. वजन याहून जास्त भरलं तर पाणी कमी उडतंय, आर्द्रता उतरवा. कमी भरलं तर वाढवा. मेलेली अंडी काढून टाकलीत तर हिशेबातून त्यांचं सुरुवातीचं वजनही काढा, हे बरेच जण विसरतात.

आर्द्रता वाढते ती पाण्याच्या पृष्ठभागामुळे, खोलीमुळे नाही. भांडं काठोकाठ भरून उपयोग नसतो, दुसरं पसरट भांडं ठेवा किंवा स्पंजचा तुकडा उभा करा. आर्द्रता वाढावी म्हणून हवेच्या झडपा मात्र बंद करू नका. वाढत्या गर्भाला प्राणवायू लागतो, आणि शेवटच्या आठवड्यात सर्वांत जास्त.

आर्द्रता मोजणारे स्वस्त हायग्रोमीटर पाच-दहा टक्के सहज चुकतात. तपासायला सोपा उपाय: बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन थोडं पाणी घाला, इतकंच की त्याचा ओलसर लगदा होईल. ते आणि हायग्रोमीटर एका हवाबंद पिशवीत रात्रभर ठेवा. सकाळी ७५ टक्के दिसायला हवेत. जेवढा फरक दिसेल तेवढा पुढे प्रत्येक वेळी धरून चाला.

अंडी दिवसातून किती वेळा फिरवायची?

हाताने फिरवत असाल तर कमीत कमी तीन वेळा, पाच वेळा उत्तम. संख्या विषम ठेवा, म्हणजे रात्रीचा लांब पल्ला रोज एकाच कुशीवर जात नाही. एका बाजूला फुली आणि दुसऱ्या बाजूला गोल पेन्सिलने काढा. एकाच दिशेने गोल गोल नेऊ नका, एकदा उजवीकडे तर पुढच्या वेळी डावीकडे. स्वयंचलित ट्रे असेल तर तो बदकाच्या अंड्याच्या मापाचा आहे ना ते बघा. कोंबडीच्या ट्रेमध्ये मोठी अंडी अडकतात आणि मोटर फिरत असूनही जागची हलत नाहीत. २५व्या दिवशी फिरवणं बंद. मस्कव्हीसाठी ३१व्या-३२व्या दिवशी.

रोज अंडी गार करून पाणी शिंपडायचं असतं म्हणे?

बदक पाळणारे बरेच जण करतात आणि त्यामागे तर्क आहे: मादी रोज थोडा वेळ चरायला उठते आणि ओल्या पोटाने परत येऊन बसते. साधारण १०व्या दिवसापासून २५व्या दिवसापर्यंत रोज १० ते १५ मिनिटं झाकण उघडून ठेवायचं, कोमट पाण्याचा हलका फवारा मारायचा आणि बंद करायचं. न केल्याने खेप बुडते असं नाही. मस्कव्हीच्या बाबतीत मात्र मी हे टाळणार नाही. वजन आधीच वेगाने उतरत असेल तर गार करण्याचा वेळ कमी करा.

आत पिल्लू वाढतंय हे कसं कळेल?

अंधारात अंड्याच्या रुंद टोकाला टॉर्च लावा. ७व्या दिवशी कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा आणि मधे हलणारा ठिपका दिसला की काम सुरू आहे. काहीच नाही, नुसती पिवळसर झाक, तर अंडं फलित नव्हतं. आत लाल कडं दिसत असेल आणि त्याला फाटे नसतील तर गर्भ सुरुवातीलाच गेला. १४व्या दिवशी अर्धंअधिक अंडं काळं दिसतं, २५व्या दिवशी पोकळी सोडून सगळंच.

शंका असली तर अंडं काढू नका, तीन-चार दिवसांनी पुन्हा बघा. याला अपवाद एकच: वास येणारं, घाम आल्यासारखं ओलसर दिसणारं किंवा कवचावर चिकट थेंब जमलेलं अंडं. ते ताबडतोब आणि अगदी हलक्या हाताने घराबाहेर न्या. सडलेलं अंडं गरमीत फुटतं, आणि शेजारची चांगली अंडी त्या घाणीने माखतात.

मधेच वीज गेली तर?

झाकण उघडून बघत बसू नका. यंत्रावर जाड चादर टाका, हवेची झडप थोडी मोकळी ठेवा. एक-दोन तासांनी सहसा काहीही बिघडत नाही, त्याहून जास्त वेळ गेला तरी बरीच अंडी तगतात. शेवटच्या आठवड्यात तर पिल्लांची स्वतःची ऊब असते, इतकी की दाट रचलेली अंडी जास्त झाकली तर उलट तापू शकतात. वीज आल्यावर नेहमीचंच तापमान ठेवा, भरपाई म्हणून वाढवू नका. आशा सोडण्याआधी चार दिवस थांबून टॉर्चने तपासा.

कोंबडीची आणि बदकाची अंडी एकत्र उबवली तर चालतं का?

चालतं, पण मी सुचवणार नाही. कोंबडीची अंडी ७ दिवस उशिरा ठेवली की २१ आणि २८ एकाच दिवशी जुळतात. आर्द्रतेची ओढाताण मात्र होतेच. हाताशी खुडूक कोंबडी असेल तर गोष्ट वेगळी: तिच्याखाली बदकाची अंडी छान उबतात, फक्त तिने २१ ऐवजी २८ दिवस टिकून बसायला हवं. पिल्लं पाण्यात उतरली की तिची काठावर जी घालमेल होते ती बघवत नाही.

शेवटच्या तीन दिवसांत काय बदलायचं?

फिरवणं, गार करणं, शिंपडणं सगळं बंद. अंडी आडवी ठेवा, खाली खडबडीत जाळी किंवा न घसरणारा रबरी मॅट घाला. आर्द्रता ७० टक्क्यांवर न्या, झडपा मोकळ्या ठेवा. आणि झाकण लावून टाका. उघडलं की दमट हवा क्षणात बाहेर जाते आणि टोच मारलेल्या अंड्यातला पापुद्रा वाळू लागतो.

याच दिवसांत अंड्यातून चिवचिव ऐकू येते. पिल्लू कवच फोडण्याआधीपासूनच आवाज काढतं आणि ऐकतंही. तुम्ही हलकेच बोललात तर काही वेळा उत्तर मिळतं.

टोच पडून कित्येक तास झाले, पिल्लू पुढे सरकत नाही. मदत करू का?

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि सर्वांत जास्त पिल्लं दगावतात ती या प्रश्नाचं उत्तर घाईने दिल्यामुळे. आत काय चाललंय ते आधी समजून घ्या. पिल्लू प्रथम पापुद्र्यातून हवेच्या पोकळीत चोच घालतं आणि फुप्फुसाने श्वास घ्यायला लागतं. कवचाला बाहेरून टोच पडायला त्यानंतर सहज एक दिवस जातो. टोच पडल्यावर बाहेर यायला बदकाला २४ ते ४८ तास लागतात, कोंबडीच्या पिल्लापेक्षा बरेच जास्त. या वेळात ते दमून पडलेलं नसतं. पापुद्र्यावरच्या शिरांतलं रक्त अंगात ओढून घेणं आणि उरलेला बलक पोटात घेणं, ही कामं चालू असतात. तुम्ही त्या आधी कवच सोललंत तर शिरा फुटून रक्तस्राव होतो, किंवा बलक बाहेर लोंबत राहतो. दोन्हींतून पिल्लू क्वचितच वाचतं.

पिल्लू हलतंय, आवाज करतंय, अधूनमधून चोच चावल्यासारखी करतंय, तर थांबा. ते चावणं म्हणजे बलक अजून आत जातोय. कवच गोलाकार कापत जायला त्याने सुरुवात केली की शेवटचा भाग बहुधा तासाभरात उरकतो.

मदतीचा विचार करायचा तो अशा वेळी: टोच पडून ४८ तास उलटले आहेत, किंवा दिसणारा पापुद्रा पिवळा-तपकिरी, कागदासारखा कोरडा झाला आहे, किंवा गोल कापायला सुरुवात करून पिल्लू मधेच कित्येक तास थांबलं आहे. चोच निमुळत्या टोकाकडून बाहेर आली असेल तरी लगेच फोडू नका, अशी काही पिल्लं स्वतः निघतात. त्यांच्यावर नजर मात्र ठेवावी लागते.

मदत करताना खोली उबदार ठेवा. कापसाचा बोळा कोमट पाण्यात बुडवून पापुद्रा ओला करा, चोचीत पाणी जाऊ देऊ नका. ओला झाल्यावर आतल्या शिरा दिसतात. लाल शिरा ठसठशीत दिसल्या तर काम तिथेच थांबवा, अंडं परत ठेवा, काही तासांनी बघा. शिरा दिसत नसतील तर हवेच्या पोकळीवरचं कवच थोडं थोडं काढा. रक्ताचा एक ठिपका दिसला तरी थांबायचं. पिल्लाला ओढून कधीच काढायचं नाही, डोकं मोकळं झालं की शेवटची लाथ त्यालाच मारू द्या.

आणि हेही खरं की काही पिल्लं आत कमकुवत असल्यामुळेच बाहेर येत नाहीत. सगळ्यांना वाचवता येत नाही. घरच्या यंत्रात फलित अंड्यांपैकी निम्मी ते पाऊण निघाली तर मी ती चांगली खेप म्हणेन.

बाहेर आलेलं पिल्लू लगेच काढायचं का?

नको. सुकून गुबगुबीत होईपर्यंत आतच राहू द्या. पोटातल्या बलकावर त्याचा पहिला दिवस आरामात निघतो, उपाशी राहील ही भीती नको. बेंबीला वाळलेला धागा लटकत असेल तर ओढू नका, आपोआप गळतो. मागे राहिलेल्या अंड्यांना टोच पडलेली असेल तर सुकलेली पिल्लं एकदम काढा, एकेकासाठी झाकण उघडू नका.

पहिल्या आठवड्यांत कुठे आणि कसं ठेवायचं?

ही जागा अंडी यंत्रात ठेवण्याआधीच तयार असावी. उंच कडांचा खोका, एका कोपऱ्यात ऊब, दुसरा कोपरा गार. दिव्याखाली पहिल्या आठवड्यात साधारण ३२ अंश, मग दर आठवड्याला तीन अंशांनी कमी. पिल्लं एकमेकांवर चढून गोळा झाली तर थंडी आहे. कडेला जाऊन चोच उघडून धापा टाकत असतील तर उकडतंय. दिवा साखळीने पक्का टांगा, असे दिवे कोरड्या भुशात पडून आग लागते.

जमीन घसरडी नको. गुळगुळीत वर्तमानपत्रावर पिल्लांचे पाय फाकतात आणि पहिल्या काही दिवसांत ते दुरुस्त केले नाहीत तर कायमचे अधू होतात.

खायला काय द्यायचं?

बदकाचं स्टार्टर खाद्य मिळालं तर तेच. नसेल तर औषध न मिसळलेलं कोंबडीच्या पिल्लांचं स्टार्टर, पहिले दोन आठवडे २० ते २२ टक्के प्रथिनांचं. इथे एक पेच आहे. बदकाच्या पिल्लांना नायसिन, म्हणजे ब३ जीवनसत्त्व, कोंबडीच्या पिल्लांपेक्षा बरंच जास्त लागतं. ते कमी पडलं की पाय बाहेर वाकतात, घोटे सुजतात, पिल्लू बसूनच राहतं. खाद्यावर नायसिन भरपूर असलेलं ब्रूअर्स यीस्ट भुरभुरवलं की हे टळतं. ब्रेड देऊ नका, पोट भरतं पण वाढ होत नाही.

खाद्य असेल तिथे पाणी हवंच, कारण कोरडा घास बदकाच्या घशात अडकतो. भांडं इतकं खोल की नाकपुड्या बुडवून धुता येतील, आणि इतकं अरुंद की अंग आत जाणार नाही. तरीही तासाभरात सगळं ओलं होईल. भांडं जाळीच्या ट्रेवर ठेवलंत तर भुसा बदलण्याचं काम निम्मं होतं.

लगेच पोहायला सोडता येईल?

आईजवळची पिल्लं दुसऱ्या दिवशी पोहतात, कारण नंतर तिच्या पंखांखाली जाऊन सुकतात आणि ऊब घेतात. यंत्रातल्या पिल्लांना ते नसतं. लव भिजून गारठली की काही मिनिटांत ती मलूल होतात. आठवडाभरानंतर उथळ कोमट पाण्यात पाच मिनिटं, तुम्ही समोर असताना, आणि मग लगेच दिव्याखाली. मोकळं पोहणं पोटावर खरी पिसं आल्यावर, साधारण पाच-सहा आठवड्यांनी.

एकच पिल्लू निघालं. आता?

पहिल्या दिवसात जो हलता जीव दिसेल त्याला पिल्लू आपलं मानतं. कॉनरॅड लॉरेन्झ यांनी हंसांच्या पिल्लांवर याचाच अभ्यास केला, प्राण्यांच्या वर्तनावरच्या त्यांच्या कामाला १९७३ मध्ये नोबेल मिळालं. ऐकायला गोड वाटतं, पण तुम्ही खोलीबाहेर गेलात की ते पिल्लू अखंड ओरडतं. त्याच वयाचं दुसरं पिल्लू मिळवून द्या. तोवर आरसा आणि मऊ खेळणं, तेही तात्पुरतंच. म्हणून अंडी कधीही दोन-तीन ठेवू नका, सहाच्या खाली जाऊ नका.

घरात लहान मुलं आहेत. काही धोका?

निरोगी दिसणाऱ्या पिल्लांच्या विष्ठेतही साल्मोनेला हा जुलाब-ताप आणणारा जंतू असू शकतो. हात लावला की साबणाने हात धुवायचे, पिल्लाचा पापा घ्यायचा नाही, खोका स्वयंपाकघरात ठेवायचा नाही. पाच वर्षांखालच्या मुलांनी लांबूनच बघितलेलं बरं. खेप संपल्यावर यंत्र साबणाने धुऊन, जंतुनाशक फिरवून, पूर्ण वाळवून ठेवा.

नर कुठला आणि मादी कुठली?

उबवणीचं तापमान बदलून माद्या जास्त मिळतात ही अफवा आहे. पक्ष्यांत लिंग अंड्यातच ठरलेलं असतं आणि निम्मे नर निघणार हे धरूनच चाला. पाच ते आठ आठवड्यांत आवाज फुटतो: खणखणीत क्वॅक करते ती मादी, घसा बसल्यासारखा घोगरा आवाज काढतो तो नर. पुढे नराच्या शेपटीवर वर वळलेली कुरळी पिसं येतात. मस्कव्हीत ही लक्षणं चालत नाहीत, तिथे नर आकाराने चांगलाच मोठा होतो. जास्तीचे नर कुठे जाणार हे मात्र आधीच ठरवा, कारण एका मादीमागे दोन-दोन नर राहिले तर तिच्या मानेवरची पिसं उपटली जातात आणि जखमा होतात. त्यांचा वेगळा गट केला तर आसपास माद्या नसताना ते बहुधा गुण्यागोविंदाने राहतात.